सायकल स्टँडमधली युक्रेनी जोडी

आमच्या स्टेशनाजवळच्या सुपरमार्केटात मासळीच्या कपाटापाशी एक लहानसा कर्णा बसवला आहे. त्यातून दिवसभर एकच गाणं वाजतं. मासळी ताजी आहे, आज बांगडा घ्या, उद्या अजून काही घ्या, अशा अर्थाचं. इथली माणसं ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि पिशवी भरून निघून जातात. मी मात्र थांबतो. मासळीवाल्या पोराला वाटतं म्हातारा भाव बघतोय. मी गाणं ऐकत असतो, कारण ते म्हणणाऱ्या दोघींना मी त्यांच्या पडत्या काळापासून ओळखतो.

दोघी युक्रेनच्या. एक उंच, एक ठेंगणी. नावं मी लिहिणार नाही, मला ती कधी नीट म्हणताही आली नाहीत. त्यांची कारकीर्द पुढं बरीच पसरली. योकोहामाला बंदरावर गायल्या, नागोयाला एका मोटारीच्या कारखान्याच्या समारंभात गायल्या, एकदा टीव्हीवर जेवणाच्या कार्यक्रमात तोंडात घास धरून दिसल्या. पण ती कारकीर्द राहते की मोडते, याचा निकाल लागला तो एका उन्हाळ्यात, तोक्योच्या कोतो भागात, आमच्या इमारतीच्या सायकल स्टँडमध्ये. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून लिहितो. माझ्या लेकीला यातलं थोडं वेगळं आठवतं. तिनं तिचं लिहावं.

माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या मेहेरबानीनं. सांगलीला नाट्यगृहाच्या भिंतीला लागून माझी पानाची गादी होती. तिकीट काढून मी फार नाटकं बघितली नाहीत, पण भिंतीपलीकडचं गाणं मात्र आयुष्यभर ऐकलं. एखाद्या पदाला आतून 'वन्स मोर' आला, की चुना लावता लावता माझा हात थांबायचा. कारण दुसऱ्या खेपेला तेच पद वेगळं लागतं. पहिल्यांदा गाणारा लोकांसाठी गातो, दुसऱ्यांदा लोकांनी मागितलं म्हणून गातो. यात फरक आहे. ज्याला हा फरक कळत नाही त्यानं माझ्या दुकानात पान खाल्लं तरी मी त्याच्याशी गाण्यावर बोलत नसे.

जपानातला तो मोठा भूकंप होऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा लेकीनं मला इकडं आणलं. जावई आठवडाभर नागोयाला असतो, ती कोतोत एकटी, कॉम्प्युटरची नोकरी. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे माझ्या पिढीच्या माणसाला जड जातं. मी आधीच ठरवून घेतलं, भाजी मी आणणार आणि कणीक मी मळणार. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही पाहुणे आहात का?" मी म्हटलं, "पाहुणा नाही म्हणूनच."

भाजी आणून मी एका संध्याकाळी सायकल स्टँडमधून येत होतो. तिथं या दोघी उभ्या. जमिनीवर डबीएवढा स्पीकर ठेवलेला, त्यावर वाजंत्री चाललेली, आणि दोघी हलक्या आवाजात गात होत्या, मध्येच पावलं टाकत होत्या. राहायच्या आमच्याच इमारतीत, पण घरात गायची सोय नाही, भिंती पातळ, शेजारी तक्रार करतात, म्हणून तिथं. मी पिशवी टेकवून उभा राहिलो. ठेंगणीनं एक वरचा सूर असा काही अलगद घेतला आणि तसाच खाली उतरवला, की माझ्या तोंडून 'वा' गेलं.

दोघी थबकल्या. वाजंत्री बंद केली, कमरेत वाकल्या, "सुमिमासेन" म्हणजे माफ करा म्हणाल्या आणि सामान आवरायला लागल्या. मी हातानं सांगितलं, चालू द्या. त्यांना वाटलं, चालायला लागा. तशा त्या आणखी घाईनं आवरायला लागल्या. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन लेकीला हाताला धरून खाली आणलं.

"यांना सांग, ही तक्रार नव्हती. दाद होती."

"अण्णा, इथं गाणं संपेपर्यंत कुणी श्वासाचाही आवाज करत नाही. संपल्यावर टाळ्या."

"मग कुठली जागा बरी झाली ते गाणाऱ्याला कळणार कसं?"

लेकीनं ते जपानीत सांगितलं. उंच पोरगी ऐकून हसली आणि बराच वेळ बोलली. लेकीनं मला सांगितलं ते असं: दोन वर्षांत आम्हाला गाताना मध्येच कुणी टोकलं नाही, आम्हाला वाटायचं कुणी ऐकतच नाही.

तेव्हापासून संध्याकाळी मी एका मोडक्या सायकलीच्या कॅरिअरवर जाऊन बसायचो. भाषेची अडचण आली नाही. वाईट झालं की मी पिशवीतली भेंडी मोडून बघायचो, बरं झालं की वा म्हणायचो, आणि फारच बरं झालं की हात वर करून वन्स मोर. हा वन्स मोर काय असतो ते लेकीनं त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांना तो इतका आवडला, की मी हात वर करायच्या आधीच ठेंगणी स्पीकरवर पुन्हा बटण दाबायची. त्या मला ओजीसान म्हणायच्या, म्हणजे आजोबा. मला आधी ते रुचलं नव्हतं.

एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. बिटाचं लाल सार, त्यावर घट्ट दह्यासारखं काहीतरी, आणि उकडलेल्या करंज्या, आत बटाटा. मी घरून मिरचीचा ठेचा नेला होता. ठेंगणीनं तो करंजीला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी करंजी घेतली. ही पोरगी हट्टी आहे हे मला तेव्हाच कळलं. मला हट्टी माणसं आवडतात.

जेवताना उंच पोरीनं त्यांची सगळी हकीकत सांगितली. दोघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. शाळेच्या गायनातून पुढं टीव्हीच्या स्पर्धेत गेल्या. एका उन्हाळ्यात त्यांचं एक गाणं देशभर गाजलं, एसटी स्टँडवर, समुद्रकाठी, सगळीकडं तेच. चंदेरी बूट घालून नाचल्याचे फोटो तिनं दाखवले. पुढच्या उन्हाळ्यात यांच्याहून लहान मुली आल्या आणि लोक यांना विसरले. मग जपानच्या एका हॉटेलात रोज संध्याकाळी गायचं काम मिळालं म्हणून इकडं आल्या, आणि थोड्याच दिवसांत भूकंप झाला. हॉटेलचं गाणं बंद. बरोबरचे परदेशी वाजंत्री आपापल्या गावी परत गेले. या दोघी एका मंडळाबरोबर उत्तरेला गेल्या, घरं गेल्यामुळं शाळांच्या हॉलमध्ये घोंगड्या अंथरून राहणाऱ्या लोकांना गाणी म्हणून दाखवायला. तिथं एका म्हातारीनं जुनं जपानी गाणं म्हणा सांगितलं. यांना येत नव्हतं. म्हातारीनं शेजारी बसवून ओळ ओळ शिकवलं, दुसऱ्या दिवशी दोघींनी ते म्हटलं, आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर म्हणायला लागला.

"तेव्हा वाटलं, इथंच राहावं," उंच म्हणाली.

"ते तुला वाटलं," ठेंगणी म्हणाली. "मी दोन वर्षं जेवणाच्या डब्यांत भात भरतेय."

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. ठेंगणी डब्यांच्या कारखान्यात बाइतो करायची, म्हणजे फावल्या वेळची मजुरी. उंच लहान पोरांना इंग्रजी शिकवायची. गाणं महिन्याकाठी एखादं. ठेंगणीनं ठरवून टाकलं होतं, की हा उन्हाळा शेवटचा. आमच्या वस्तीच्या उन्हाळी जत्रेत त्यांना दोन गाण्यांची जागा मिळाली होती. आजूबाजूच्या वस्त्यांचे जत्रा भरवणारे ती बघायला येतात, आवडलं तर पुढं बोलावतात. तिथं कुणाच्या मनात भरलो तर बरं, नाहीतर मी आईकडं जाते, असं तिनं सांगितलं.

मी उंच पोरीला विचारलं, "मग तू?"

लेकीनं विचारलं. उंच ताट उचलता उचलता म्हणाली, "मी एकटी गायिका नाही. आम्ही दोघी मिळून एक आहोत."

जत्रेच्या महिनाभर आधी एका मॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. जत्रा भरवणाऱ्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष तिथं मुद्दाम बघायला आले होते. माझ्याच वयाचे, काटक, स्टेशनाजवळ त्यांचं तांदळाच्या भाजलेल्या बिस्किटांचं दुकान. मी पांढरा लेंगा-सदरा आणि टोपी घालून पहिल्या रांगेत. आमच्या इमारतीतली मराठी मंडळीही आलेली. दोघींच्या आधी शाळेच्या पोरांचा बँड होता, नंतर एक जादूगार. जादूगार बाजूलाच कबुतरांची पेटी घेऊन उभा होता.

पहिली दोन गाणी नाचाची झाली. तिसरं त्यांच्या भाषेतलं, संथ. ठेंगणीनं त्या दिवशी तो वरचा सूर असा लावला, की सरकत्या जिन्यावरून वर चाललेल्या बायका मान वळवून बघायला लागल्या. गाणं संपलं. मी उठून उभा राहिलो आणि जसा द्यायचा असतो तसा आवाज दिला, "वन्स मोर."

मॉलमध्ये इतकी शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती. मागून आमच्या इमारतीतला एक पुण्याचा इंजिनिअर, एरवी तोंड न उघडणारा, तोही म्हणाला, वन्स मोर. मग त्याची बायको. ठेंगणीला हसू फुटलं. तिनं वाजंत्रीची बटणं सांभाळणाऱ्या मुलाला खूण केली आणि ते गाणं पुन्हा झालं. दुसऱ्या खेपेला ते पहिल्याहून चांगलं झालं. हे मी लेकीसमोरही सांगतो, ती काहीही म्हणो. पुन्हा वन्स मोर आला, पुन्हा गाणं झालं. मॉलचा माणूस दोन हातांची फुली करून पुढं नाचत होता. कबुतरं पेटीत फडफडायला लागली. अध्यक्ष उठले, एकदा वाकले आणि निघून गेले.

संध्याकाळी उंच पोरीला फोन आला. जत्रेत यंदा जरा कठीण आहे, असं अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, कठीण आहे ना, मग बघू. लेक म्हणाली, "अण्णा, इथं जरा कठीण म्हणजे नाही."

"का पण?"

"तुमच्यामुळं. वेळ चुकवतात असं त्यांना वाटलं."

"मी दाद दिली. वेळ त्यांनी बघायची."

"त्यांनी बघितली, म्हणूनच तर."

ठेंगणीनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडमध्ये त्या आल्याही नाहीत. मी कॅरिअरवर बसून राहिलो, भेंडी तशीच पिशवीत.

तिसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मी अध्यक्षांच्या दुकानात गेलो. ते शेगडीवर बिस्किटं उलटत होते. आम्हाला बघून उठले, वाकले, बसायला दिलं, चहा दिला. मग सावकाश बोलायला लागले. जत्रेला पोलिसांची परवानगी ठरल्या वेळेपर्यंतच असते. एकानं आपली वेळ ओलांडली की ती पुढच्याच्या ताटातून जाते. शेवटी लहान पोरांचे ढोल असतात, ती पोरं वर्षभर शिकतात, त्यांना मी काय सांगू?

मी म्हटलं, "गाणं काय एसटी आहे का, वेळेवर सुटायला?"

अध्यक्षांनी लेकीला विचारलं, "काय म्हणाले?"

लेकीनं काहीतरी सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली.

"तू काय सांगितलंस?"

"बिस्किटं छान आहेत म्हणून."

"मी बिस्किटाचं नाव घेतलं का? नीट सांग त्यांना."

"अण्णा, मला या वस्तीत राहायचंय."

तेवढ्यात अध्यक्षांनी आणखी बिस्किटं पुढं केली. भांडण करायला गेलो आणि पुडा घेऊन परत आलो. वाटेत रागारागानं मी पुड्यातलं एक तोंडात टाकलं. बिस्किटं खरोखर छान होती, त्यानं आणखी राग आला.

घराजवळच्या बागेत ढोल वाजत होता. जत्रेतल्या नाचाची तालीम चालली होती. मधोमध लाकडी मचाण, त्यावर ढोलवाला, आणि खाली बायका-पुरुष गोल करून हात हलवत, दोन पावलं पुढं, एक मागं. टेपवर गाणं. मी उभा राहून बघितलं. गाणं संपलं आणि तेच पुन्हा लागलं. संपलं, पुन्हा तेच. मला वाटलं टेप अडकली. लेकीला विचारलं.

"नाही हो, हा नाच असाच असतो. एकच गाणं, पुन्हा पुन्हा. पूर्वज भेटायला येतात म्हणून नाचतात. सगळे दमेपर्यंत."

मी बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला आणि जाऊन गोलात उभा राहिलो. खात्री करून घ्यायची होती. एका आजीनं मला पुढं घेतलं. तेच गाणं, पुन्हा, पुन्हा, आणि प्रत्येक खेपेला गोल जरासा मोठा झालेला. टोपी घामानं भिजली तेव्हा मी बाहेर आलो आणि म्हटलं, "चल परत दुकानात."

"आत्ता? अण्णा, नको."

"मग मी एकटा जातो."

ती आली. अध्यक्ष दुकान बंद करत होते. मी लेकीला बजावलं, या खेपेला मी जे बोलेन तेच सांगायचं, बिस्किट मध्ये आणायचं नाही. आणि म्हटलं, "तुमच्या बागेत एकच गाणं दिवेलागणीपासून चाललंय. वाजवणारा थांबत नाही, नाचणारे थांबत नाहीत. आमच्याकडं त्यालाच वन्स मोर म्हणतात. तुमच्यात ते आधीपासून आहे, मग मुलींनी केलं तर बिघडलं कुठं?"

लेकीनं या वेळी खरंच सगळं सांगितलं, मला तिच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. अध्यक्षांनी दुकानाची फळी हातात तशीच धरली.

"ते नाचासाठी असतं," ते म्हणाले. "त्याला वेळ राखून ठेवलेली असते."

"मग त्याच वेळेत यांना गाऊ द्या. नाचाचंच गाणं."

त्यांनी फळी खाली टेकवली. इथली माणसं गप्प बसतात तेव्हा त्यांना वेळ द्यावा लागतो. मला ते जमत नाही, पण लेकीनं माझी बाही धरून ठेवली होती. मग ते म्हणाले, की पूर्वी मचाणावर एक बाई उभी राहून हे गाणं म्हणायची. ती थकली, तेव्हापासून टेप. टेपही आता खरखरते. पण परदेशी मुलींना ते जमेल का, शब्द जुने आहेत, आणि या भागातल्या बायकांना पटेल का?

"आधी ऐका, मग ठरवा," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "बायका ठरवतील. मी नाही."

सायकल स्टँड पुन्हा भरला. खरखरत्या टेपवरून दोघींनी गाणं उचललं. उंच पोरीला शब्द लवकर यायचे, ठेंगणीला चाल. ठेंगणी पहिले दोन दिवस रागातच गायली. शब्दांचा अर्थ लेकीलाही लागेना, इतके जुने. मी अर्थाशिवाय ऐकत होतो, मला काही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी ठेंगणीनं त्यात स्वतःची एक हरकत घेतली. मी वा म्हटलं, तशी तिनं माझ्याकडं बघून जीभ दाखवली. मग मला बरं वाटलं.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये नाच शिकवणाऱ्या बायकांसमोर दोघी उभ्या राहिल्या. बायका मांडीवर हात ठेवून बसलेल्या, चेहऱ्यावर काही नाही. मी मागं, लेकीनं आधीच शपथ घातलेली, तोंडातून आवाज काढायचा नाही. नाही काढला. आयुष्यात एवढं कष्टाचं काम मी केलेलं नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला मला गोलात घेणारी ती आजी उठली, आणि काही न बोलता हात हलवत पावलं टाकायला लागली. तिच्या मागं दुसरी. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होतो.

जत्रेच्या दिवशी दोघींना कुणीतरी उन्हाळी किमोनो दिले. उंच पोरीचा घोट्याच्या बराच वर राहिला. मचाणावर चढताना ठेंगणीनं वरून खाली बघितलं. खाली कंदील, तळणाचे गाडे, पोरं, आमच्या इमारतीतल्या पंजाबी ड्रेसातल्या बायका, सगळी वस्ती. ढोलवाल्यानं काठी उचलली आणि गाणं सुरू झालं. पहिल्या फेरीला लोक वर बघत नाचत होते, पाय चुकत होते. दुसऱ्या फेरीला बघायचं विसरले. पुण्याचा इंजिनिअर नाचत होता, जावई नागोयाहून आला होता तोही नाचत होता. अध्यक्ष माझ्या पुढं होते, मध्येच मागं वळून माझा डावा हात वर करायचे. मी तो पुन्हा माझ्या पद्धतीनं धरायचो. मध्ये श्वास घ्यायला म्हणून दोघींना त्यांचं संथ गाणं म्हणू दिलं, तेव्हा नाचणारे जागच्या जागी उभे राहिले, पंखे हलवत. मग पुन्हा ढोल. कितींदा झालं ते गाणं कुणास ठाऊक. पोरांचे ढोल वेळेवर सुरू झाले आणि वेळेवर थांबले. ते अध्यक्षांनी मला घड्याळ दाखवून सांगितलं.

मचाणावरून उतरल्यावर अध्यक्ष दोघींपुढं वाकले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीही कृपा असावी." शेजारच्या वस्तीचा एक माणूस त्यांच्या मागं उभाच होता, हातात आपलं कार्ड धरून. त्याच्या मागं अजून एक. ठेंगणी कार्ड दोन्ही हातांनी घेत होती आणि नुसती वाकत होती. तिचा आवाज बसला होता. राहणार की जाणार, ते तिनं काही सांगितलं नाही. उंच पोरीनंही विचारलं नाही. घरी जाताना ती ठेंगणीच्या बाजूनं नुसती चालत होती, किमोनो हातानं खाली ओढत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होतो तर दारावरची घंटा वाजली. ठेंगणी. आवाज अजून बसलेलाच. तिनं लेकीला कुजबुजत विचारलं, मोठी वस्तू टाकायची असेल तर फोन कुठं करायचा? इथं मोठा कचरा असाच ठेवता येत नाही, आधी दिवस ठरवायचा, दुकानातून पैसे भरल्याची चिकटपट्टी विकत आणून वस्तूवर लावायची, तेव्हा गाडी नेते.

"काय टाकायचंय?" लेकीनं विचारलं.

"बॅग. आईकडून आणलेली, मोठी."

"अगं, चांगली असेल ती. का टाकतेस?"

"कपाटात तिनंच सगळी जागा अडवली आहे," ठेंगणी म्हणाली. "किमोनो ठेवायचेत."

मागं जिन्यात उंच उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. लेकीनं फोन लावून दिला. गाडीचा दिवस ठरला तेव्हा बॅग खाली मीच नेली. जावई म्हणाला, बाबा, मी नेतो. मी म्हटलं, तू बाजूला हो. चाकं दोन्ही गेलेली होती, उचलूनच न्यावी लागली, जिन्यात दोनदा टेकलो. सायकल स्टँडच्या भिंतीशी ती उभी केली, चिकटपट्टी दर्शनी बाजूला येईल अशी वळवली, आणि गाडी येऊन तिला घेऊन जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.